एका श्वासातला अंतरा

शर्विल जोंधळे वाईट माणूस असता, तर माझं काम फार सोपं झालं असतं. उर्मट असता, बेसुरा असता, निदान सेटवरच्या चहावाल्याशी तुसडेपणानं वागत असता, तरी चाललं असतं. पण 'नवा गळा महाराष्ट्राचा'च्या महाअंतिम फेरीत त्याच्या डोक्यावर विजेत्याचा फेटा चढला आणि माझ्या हातात उपविजेत्याची वीतभर ट्रॉफी आली, तेव्हा तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "प्रज्वल, खरं तर हे तुझं आहे."

तो त्याच क्षणी माझ्या डोक्यात गेला. ते माझं आहे हे मला ठाऊक होतं. त्यानं सांगायची काय गरज होती?

त्या फेरीत मी काय केलं होतं ते सांगतो, म्हणजे माझा जळफळाट समजेल. मी अख्खा अंतरा एका श्वासात म्हटला होता. एकोणतीस सेकंद. मिरजेत गुरुजींनी बारा वर्षं माझ्याकडून दमसास घोटून घेतला होता, तो सगळा तिथे ओतला. तिन्ही परीक्षक उभे राहिले. आमच्या इचलकरंजीत चौकाचौकांत माझे फ्लेक्स लागले होते, यंत्रमाग कारखान्यांतल्या बायकांनी जेवणाच्या सुट्टीत मतं दिली होती. आणि तरी शर्विल तीन लाख मतांनी जिंकला. नाशिकचा एक गोरटेला पोरगा, ज्याला दोन ओळींनंतर श्वास घ्यावा लागतो!

त्यात आणखी एक गोष्ट होती, ती मी कुणालाच सांगितली नाही. माझा अंतरा चालू असताना कॅमेरा आईला शोधत होता आणि पडद्यावर तिची रिकामी खुर्ची दिसली. ती बाहेर गेली होती. घरीही तेच. मी तानपुरा लावून बसलो की दहा मिनिटांत तिला काहीतरी काम आठवायचं. वाळत घातलेले कपडे, शेजारच्या पूनमकडून आणायचं विरजण, काहीही. लहानपणी मी तिच्या मागे जायचो आणि गच्चीत जाऊन गायचो, तर ती खाली यायची. बाबा गेल्यावर माग कारखान्यात सुताच्या कांड्या भरून तिनं मला वाढवलं, शिकवणीला पाठवलं, पण माझं एक गाणंही शेवटपर्यंत ऐकलं नाही. तिला माझं गाणं आवडत नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. ते माझ्या फार जिव्हारी लागलं होतं.

स्पर्धेनंतर आम्ही दोघंही तीन वर्षांच्या करारानं पुण्याच्या सूरपेठ कंपनीत आलो. गाणारे तरुण विकणं हा सूरपेठेचा धंदा. तिथे आधी तुमची दाढी काढतात आणि मग तुमची प्रेयसी. म्हणजे असली तर ती कुणाला दिसता कामा नये. शर्विलला फिक्या रंगाचे सदरे मिळाले. प्रत्येक व्हिडिओत तो डबा उघडून घरची पोळीभाजी खायचा. चाहत्यांच्या तीन याद्या होत्या, त्यांत सगळ्यात मोठी यादी 'आया' नावाची. मला काळा कुर्ता दिला आणि 'उस्ताद' म्हणून बाजूला बसवलं. उस्तादाला ऐकणारे मोजके असतात, हे मला नंतर कळलं.

एका दुपारी आम्हाला दोघांना डॉ. मृण्मयी देवस्थळींच्या खोलीत बोलावलं. चाळिशीच्या बाई, केसांत पेन खोचलेलं. त्या कंपनीच्या श्वसनशास्त्रज्ञ होत्या. गाण्याच्या कंपनीला श्वसनशास्त्रज्ञ कशाला लागतो, याचं मला हसू आलं होतं.

"हे बघा," त्यांनी पडद्यावर दोन रेघा लावल्या. एक निळी, एक लाल. "निळी गायकाचा श्वास, लाल ऐकणाऱ्याचा. माणूस गाणं नुसतं कानानं ऐकत नाही. त्याचा गळा, त्याच्या बरगड्या गायकाबरोबर नकळत हलत असतात. गायक थांबला की तो श्वास सोडतो, गायक भरतो तेव्हा भरतो. दोघांची लय जुळली की नाडी शांत होते, बरं वाटतं. ते बरं वाटणं मेंदू गायकाच्या नावावर लिहून टाकतो. हा आपला माणूस आहे, असं वाटायला लागतं."

"आणि नाही जुळली तर?" शर्विलनं विचारलं.

"तर मग हे." त्यांनी माझा अंतरा लावला. महाअंतिम फेरीत प्रेक्षकांच्या मनगटांवर जी पट्टी बांधली होती, तिच्या नोंदी होत्या. निळी रेघ एकोणतीस सेकंद सरळ. तिच्यामागे लाल रेघ दहा सेकंद धावली आणि मग तडफडल्यासारखी वरखाली झाली. "परीक्षक स्वतः गाणारे, त्यांची छाती तयार. बाकीच्यांना अस्वस्थ वाटलं. का, ते कुणालाच कळलं नाही. त्यांनी फक्त मत दुसऱ्याला दिलं."

म्हणजे मी हरलो तो माझ्या सर्वांत मोठ्या गुणामुळे! आणि हा जिंकला, कारण ह्याचा दम महाराष्ट्राच्या सरासरीइतका होता.

त्यावर त्यांनी यंत्र बनवलं होतं. कर्णफूल. कानाच्या पाळीवर बसणारं, टोक कानात जाणारं, बोराएवढं. कानातल्या दाबावरून आणि नाडीवरून ते ऐकणाऱ्याचा श्वास ओळखायचं आणि त्याला जुळेल अशी गाण्याची आवृत्ती वाजवायचं. त्यासाठी गायकानं प्रत्येक गाणं दोनशे बारा तऱ्हांनी म्हणायचं, दर वेळी वेगळ्या जागी श्वास घेऊन. संगणकानं कापून जोडलेला श्वास लोकांना आतून खोटा वाटतो, म्हणून गायलाच हवं. कुणाला लांब ओळ, कुणाला तुटक. ज्याच्या त्याच्या कानात ज्याचा त्याचा शर्विल.

"तुम्हा दोघांनाही विचारतेय," बाई म्हणाल्या. "प्रज्वल, तुमच्याकडे एवढा दम आहे की तुम्ही कुठेही थांबू शकता. खरं तर तुम्हीच हे सगळ्यात चांगलं कराल."

"माझा श्वास मी माझ्या गाण्यासाठी घेतो," मी म्हणालो. "ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी नाही." वाक्य मला स्वतःला फार आवडलं. शर्विलनं मात्र वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि विचारलं, "कधीपासून सुरू करायचं?"

सहा महिन्यांत तो घराघरांत गेला. मी म्हणालो त्यात यंत्राचा वाटा आहे, तर लोक म्हणाले, "असू दे ना, आवाज तर त्याचाच आहे." तेही खरंच होतं.

मग मी चार दिवस घरी गेलो. दुपारची वेळ. दार नुसतं लोटलेलं होतं. आई भिंतीला टेकून लसूण सोलत बसली होती. डोळे मिटलेले, चेहरा इतका निवांत की तिला तसं मी कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या कानात कर्णफूल होतं.

"आई."

तिनं दचकून डोळे उघडले. "आलास व्हय? कळवायचं न्हाई का आधी?"

"काय ऐकतेस?"

"ते तुझ्यासंगट होतं न्हवं का, नाशिकचं पोरगं. पूनमनं आणून दिलं कानात घालायचं." मग अगदी सहज म्हणाली, "लई गोड म्हणतंय रं. ऐकत ऱ्हावं वाटतंय."

मी बॅग खाली ठेवली. लाखो बायांनी त्याला डोक्यावर घेतलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं, पण तग धरला होता. ही माझी आई होती. मला दहा मिनिटं न देणारी बाई त्याला अख्खी दुपार देत होती!

"किती गाणी ऐकलीस त्याची?"

"सगळी," ती म्हणाली आणि लसूण सोलायला लागली.

त्या चार दिवसांत मी एकदाही तानपुरा काढला नाही. मी विचार करत होतो. पुण्याला परत गेलो तोवर बेत तयार होता. विक्री विभागाच्या क्षितिज बेलसरे साहेबांपुढे तो मी अगदी साळसूदपणे मांडला. "सर, लोकांनी शर्विलला यंत्रातूनच ऐकलंय. एक खुला कार्यक्रम करू. मोठं पटांगण, कर्णफूल बाहेर ठेवून यायचं. जाहिरात काय होईल बघा, अस्सल शर्विल! आणि माझ्या गावात करा, मी पहिल्यापासून मदतीला आहे, त्याच्यामागून मीही गाईन."

साहेबांचे डोळे चमकले. बैठकीत मृण्मयीबाईंनी मात्र हात वर केला. "प्रत्येकीला तिची आवृत्ती पाठ झाली आहे. तिथे तो एकाच तऱ्हेनं गाणार. बहुतेकींना ते चुकीचं वाटेल."

"एवढं काही नाही हो," मी हसून म्हणालो. "लोक जीव टाकतात त्याच्यावर." बाई म्हणत होत्या ते होणार हे मला चांगलं माहीत होतं, त्याचसाठी तर सगळा खटाटोप होता. शर्विल पडावा. आणि आईनं पहिल्या रांगेत बसून त्याला पडताना पाहावं, मग लगेच मला ऐकावं.

कार्यक्रम रविवारी संध्याकाळी पाचला होता. नऊ हजार माणूस. आईला मी स्वतः सोफ्यावर नेऊन बसवलं, एका बाजूला महापौर, दुसऱ्या बाजूला त्यांच्या सौभाग्यवती. गळ्यात हार, मांडीवर शाल आणि नारळ. पुढे कठडा, मागे गर्दी. "मला कडंला खुर्ची दे की," ती दोनदा म्हणाली. मी ऐकलं नाही. आज तिला उठून जाता येणार नव्हतं, याचं मला समाधान वाटत होतं.

शर्विलनं सुरुवात केली. तो चांगला गात होता, हे मान्य करतो. पण दुसऱ्या ओळीलाच रांगारांगांतून कुजबुज उठली.

"अगं, हितं थांबतोय की तो! आज का न्हाई थांबला?"

"हितं कुठं? तो तर पुढच्या शब्दावर थांबतोय."

"तुला काय म्हाईत? मी रोज ऐकते त्याला!"

"आणि मी काय झोपून असते व्हय?"

दोघी सख्ख्या जावा होत्या आणि एकमेकींच्या अंगावर जायच्या बेतात आल्या. प्रत्येकीचा शर्विल खरा होता आणि समोर उभा असलेला तेवढा खोटा. तिसऱ्या गाण्याला कुणीतरी ओरडलं, "ह्यो आमचा शर्विल न्हवंच!" मग शिट्ट्या. मग रिकाम्या बाटल्या. शर्विल गाणं अर्धवट सोडून आत आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "आता तू सांभाळ."

मी सांभाळलं. गाव माझं होतं. मी पहिला सूर लावला तशी शिट्टी थांबली. मला साऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं, मी फक्त आईकडे बघून गात होतो. मुखडा झाला आणि मी अंतऱ्याला हात घातला, तोच, एका श्वासातला.

दहा सेकंद झाले. पंधरा. आईचा हात गळ्याशी गेला. वीस. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, आली, अखेर आईच्या डोळ्यांत माझ्यासाठी टिपं आली! एवढ्या वर्षांनी! मग मी एकोणतीसला थांबलो नाही. आणखी ओढलं. तेहतीस. पस्तीस. तिचं तोंड उघडं होतं. छत्तिसाव्या सेकंदाला ती पुढे कलली आणि मांडीवरचा नारळ गडगडत कठड्याला लागला.

लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या हातात माईक होता आणि मला काही सुचत नव्हतं. स्टेजच्या बाजूनं कुणीतरी खाली उडी मारली. शर्विल होता. त्यानं कठड्यावरून झेप घेतली, आई चाचपडत होती त्या तिच्या कमरेच्या पिशवीतून, मी कधीच न पाहिलेला दम्याचा पंप काढून तिच्या तोंडाला लावला, सगळ्यांना मागे हटायला लावलं. पंपाचे दोन दाब झाले तरी तिची छाती भलतीच धावत होती. मग त्यानं आपल्या खिशातलं कर्णफूल काढून तिच्या कानात घातलं.

मी खाली पोहोचेपर्यंत तिचे खांदे हळू व्हायला लागले होते. आत वाजणारं गाणं मला बारीक ऐकू येत होतं. चार शब्द, श्वास. चार शब्द, श्वास. तिची छाती त्याच्या मागे मागे चालली होती. आई जगावी असं मला जिवाच्या आकांतानं वाटत होतं. आणि ती त्याच्या आवाजानं जगू नये, असंही वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते. पण वाटत होतं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वीस वर्षं कापसाची तूस फुप्फुसात गेलेली आहे, त्यात गर्दी, धूळ, हारातली फुलं. हे कधीतरी व्हायचंच होतं. गाण्याचं मी त्यांना सांगितलं नाही. बाहेरच्या बाकावर शर्विल बसला होता.

"तुझ्याकडे तिच्या मापाचं गाणं कसं होतं?" मी विचारलं. आभार मानायला हवे होते, पण तोंडातून हे आलं.

"यंत्र आपोआप निवडतं. एकशे एकाहत्तर नंबरची तऱ्हा असणार. धापेच्या माणसांसाठी आहे ती. सगळ्यात अवघड तीच होती. दर चार शब्दांनी तुटायचं आणि गाणं तुटू द्यायचं नाही. तीन आठवडे लागले मला. तुला लवकर जमली असती, माझ्यापेक्षा बरी."

मी त्याला मारलं नाही, एवढंच.

कंपनीनं त्या फजितीचाही फायदा करून घेतला. 'शर्विल आता फक्त तुमच्यासाठी, फक्त तुमच्या कानात' अशी जाहिरात आली आणि कर्णफुलांची मागणी दुप्पट झाली. त्याला चारचौघांत गायला कायमची बंदी झाली. घरातल्या लग्नातसुद्धा मंगलाष्टक म्हणायचं नाही. त्याला स्वतःला जसं गावंसं वाटतं तसं ऐकणारं माणूस आता जगात कुणी नाही. मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण दोन दिवसच टिकला.

आईला घरी आणलं त्याला आठवडा झाला होता. सकाळी मी तिला पेज करून दिली. वाटी हातात धरून ती म्हणाली, "लई दिवस झालं, गळा काढला न्हाईस."

"तुला आवडत नाही ना."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? उठून जातेस. आयुष्यभर उठून गेलीस. आणि त्याचं मात्र..." माझा आवाज फाटला. सव्वीस वर्षांचा घोडा मी, पण लहान पोरासारखा फाटला. "त्याची सगळी गाणी ऐकलीस."

आईनं वाटी खाली ठेवली. "अरं, तू गायला लागलास की माझा जीव घुसमटतो. तू दम धरलास की माझाबी धरला जातो, कळतबी न्हाई. मग डोळ्यापुढं अंधारी. म्हणून उठायची. भायेर जाऊन दाराआडनं ऐकायची, जरा लांबनं."

"मग सांगायचं नाही का मला?"

"काय सांगू? बक्षिसं त्या दमाचीच मिळत हुती तुला. गुरुजीबी त्याचंच कौतुक करायचं. आईला सोसत न्हाई म्हणून पोरानं दम सोडावा व्हय?"

मी तानपुरा काढला आणि तिच्यासमोर बसलो. मी नेहमी डोळे मिटून गातो, आज उघडे ठेवले. तिच्या गळ्याशी एक खळगा आहे. ती श्वास घेते तेव्हा तो आत जातो. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. खळगा आत गेला की मी थांबायचं ठरवलं.

पहिली ओळ भिकार झाली. चार शब्दांवर तोडली तर सूर लोंबकळत राहिला. दुसरीत पुढचा शब्द घाईत घेतला. माझ्यातला उस्ताद आतून शिव्या घालत होता. मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा. शर्विलला तीन आठवडे का लागले, ते आता मला कळत होतं. पाचव्या वेळेला कुठे लक्षात आलं की थांबताना सूर सोडायचा नसतो, तिच्या हाती द्यायचा असतो. ती श्वास घेईपर्यंत तिनं तो धरून ठेवायचा आणि मग मी परत घ्यायचा. अंतरा आला. एकोणतीस सेकंदांचा अंतरा आम्ही दोघांनी मिळून सव्वा मिनिटात म्हटला. कुणा परीक्षकानं ऐकला असता तर पहिल्याच फेरीत घरी पाठवलं असतं.

गाणं संपलं. आई भिंतीला टेकून बसली होती. चेहरा निवांत, अगदी त्या दुपारी होता तसा. तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि भरल्या आवाजात म्हणाली, "कसं म्हटलंस रं! अगदी शर्विलसारखं!"

माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"आवडलं?" मी विचारलं.

"व्हय तर. अजून एक म्हण."

मी तिच्या गळ्याकडे बघितलं, ती श्वास घेईपर्यंत थांबलो, आणि दुसरं गाणं सुरू केलं.